नववी फळी

एकनाथ सुताराच्या उजव्या अंगठ्याला टोक नव्हतं. पेन्सिल एकाच बाजूने तासावी तसा तो वरून तिरका उडालेला होता. ते टोक कुठे गेलं याची हकीगत ओमानमधल्या सूर गावात बारा तऱ्हांनी सांगितली जायची, आणि बाराही तऱ्हांचा उगम एकच होता, तो म्हणजे खुद्द एकनाथ. मलबारी हॉटेलात त्याने सांगितलं होतं की शार्कने नेलं. गोदीतल्या कामगारांना सांगितलं होतं की किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या कासविणीने ते आपलंच अंडं समजून वाळूत पुरलं, आणि बिचारी दर वर्षी येऊन तिथे उकरून बघते. खरी गोष्ट त्याच्या बायकोला, सुगंधाला ठाऊक होती. जयगडला घरामागे फणसाचा ओंडका चिरताना करवत घसरली होती. पण ही गोष्ट कोणी विचारत नसे, कारण तिच्यात मासा नव्हता.

एकतीस वर्षं त्याने सूरला गलबतं आणि होड्या बांधल्या. आता वय सदुसष्ट, व्हिसा संपत आलेला, हत्यारांची पेटी बांधून झालेली. पुढच्या गुरुवारचं विमान होतं. गेला महिनाभर मस्कतमध्ये, अल् घुब्राला, लेकीच्या फ्लॅटवर मुक्काम. नवऱ्याला गोळा करून घरी न्यायला सुगंधाही गावाहून आली होती.

लेक प्रियांका शाळेत विज्ञान शिकवायची. जावई धनंजय समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनिअर. संध्याकाळी चहा झाला की एकनाथ एखादी गोष्ट सोडायचा आणि ती संपली की धनंजय न चुकता म्हणायचा, "बाबा, आज मीठ जरा जास्त झालं हां. मीठ काढायचं तर माझं कामच आहे."

"काढा की धनंजयराव," एकनाथ म्हणायचा. "पण सगळं काढू नका. बेचव लागेल."

सगळे हसायचे. एकनाथही हसायचा. पण त्याच्या शंभर गोष्टींत एक गोष्ट अशी होती की तिला लोक हसले तर त्याला हसू यायचं नाही. कारण ती खरी होती.

ती गोष्ट म्हणजे जर्मन पिक्चरची. २०११ साली सूरला जर्मन लोक आले, त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, सालिम याच्या समुद्राकाठच्या जुन्या घरात त्यांनी पिक्चर काढला, आणि त्या घराच्या दिवाणखान्यात एकनाथने अठरा फुटी होडी बांधली. पिक्चरमधली बाई रोज सकाळी त्याचं काम बघून तोंडावर हात ठेवून ओरडायची, इतकं तिला ते आवडायचं. बस्स, एवढीच गोष्ट. दर वेळी तो ती अगदी तशीच सांगायचा. होडी कधी वीस फुटी झाली नाही, बाईला कधी सोन्याचे केस फुटले नाहीत. म्हणूनच बहुधा त्याच्या सगळ्या गोष्टींत ती सर्वांत कमी खपायची.

"पिक्चरचं नाव काय?" धनंजय विचारायचा.

"माहीत नाही."

"हिरो?"

"नव्हता."

"गाणी?"

"नव्हती."

"मग पिक्चर कसला बाबा? ते घर बघायला आलेले टुरिस्ट असतील."

आणि सुगंधा चहाच्या कपबशा उचलत म्हणायची, "दिवाणखान्यात होडी! ऐकतं कोण आणि सांगतं कोण!"

तर बुधवारी दुपारी प्रियांका शाळेतून आली ती फोन पुढे धरूनच. तिच्या शाळेतली सादिया, रायगडकडची, चांगल्या सिनेमांचा एक ग्रुप चालवायची. शुक्रवारी चार वाजता अझैबाच्या एका हॉलमध्ये त्यांचा खेळ होता आणि त्याचं पोस्टर तिने पाठवलं होतं. पोस्टरवर एक खोली. खिडकीतून उन्हाचा पट्टा. उन्हात एक बाई पाठमोरी उभी. आणि तिच्यासमोर, खोलीच्या मधोमध, एक होडी. डाव्या बाजूला फळ्या पक्क्या, उजवी बाजू उघडी.

एकनाथने चष्मा लावला. काढला. लुंगीला पुसला. परत लावला.

"माझी होडी," तो म्हणाला.

"बाबा, होडी कुणाचीही..."

"अगो, आपलं पोर कोणी ओळखायला चुकतं काय? ती तिसरी फळी बघ. तिला गाठ आहे. ती टाळून खिळा मारलाय. तो मी मारलाय."

प्रियांकाने खालचं वाचलं. "नववी सकाळ. जर्मन. २०१३. अठ्ठ्याऐंशी मिनिटं. सायकॉलॉजिकल हॉरर. म्हणजे भीतीचा सिनेमा आहे बाबा. आणि त्यातली नटी स्वतः येणार आहे बोलायला. आनेट का कोण."

"भीतीचा? छे!" एकनाथ म्हणाला. "आनंदाचा पिक्चर आहे तो. माझ्यासमोर झालाय."

धनंजयने सुगंधाकडे बघितलं. सुगंधाने छताकडे बघितलं. त्या बघाबघीत एकनाथने मनाशी ठरवून टाकलं. पुढच्या गुरुवारी विमान. गावाला गेल्यावर कोण जर्मन आणि कोण काय! आयुष्यभर आपण या माणसांना भरपूर काही चारलं. आता जाण्याआधी एकदा, एकदाच, आपलं खरं यांच्यासमोर खरं ठरलं पाहिजे.

शुक्रवारी तो इस्त्रीचा सदरा घालून साडेतीनलाच हॉलच्या दारात उभा होता.

हॉल लहानसा. पन्नासेक लाकडी खुर्च्या, एका टेबलावर खजूर आणि अरबी कॉफी, काहवा, एसी असा की सुगंधाने पदर कानावरून घेतला. माणसं तीसेक. काही गोरे, काही ओमानी, बरेचसे आपले. सर्वांत मागे, भिंतीला टेकून, एक उंच बाई उभी होती. पांढरे, कातरलेले केस. पडद्याकडे तिने पाठच केली होती आणि खिडकीबाहेर रस्त्यावरच्या गाड्या बघत होती. एकनाथने तिला ओळखलं. तेरा वर्षांत केस पांढरे झाले होते, पण मान तीच, करकोच्यासारखी.

"तीच," तो धनंजयच्या कानात म्हणाला. "आता मला बघून कशी धावत येते बघा."

बाई धावत आली नाही. दिवे गेले.

पिक्चर सुरू झाला आणि धनंजय हळूच सरळ बसला. कारण पडद्यावर सूर होतं. ती खाडी, तो दीपस्तंभ, ते अर्बाबचं निळ्या दाराचं घर. एक बाई बाप मेल्यावर त्याच्या घरी येते. दिवाणखान्यात बापाने अर्धी बांधलेली होडी. एक बाजू भरलेली, एक उघडी. बाई होडीभोवती फिरते, उघड्या बाजूने आत डोकावते, बोलत काहीच नाही. एकनाथला आपल्या होडीचा कण्यापासून कडेपर्यंत एकेक जोड दिसत होता आणि तो मनात म्हणत होता, बघा, बघा अजून.

मग पडद्यावर सकाळ झाली. बाई खोलीत आली. उघड्या बाजूला, अगदी तळाशी, एक फळी वाढली होती.

बाईने तोंडावर हात ठेवले आणि ती ओरडली.

हॉलमध्ये पुढच्या रांगेतल्या एका मुलीने शेजारणीचा दंड धरला. एकनाथ हसून मान डोलवायला लागला होता. त्याची मान अर्ध्यातच थांबली. तेरा वर्षांपूर्वी हे ओरडणं त्याने खिडकीबाहेरून ऐकलं होतं, हातात चहाचा ग्लास घेऊन. बाईचा चेहरा तेव्हा त्याला दिसला नव्हता, फक्त पाठ आणि तोंडावर गेलेले हात. आता चेहरा पडद्याएवढा मोठा समोर होता. तो आनंदाचा चेहरा नव्हता.

दुसरी सकाळ, दुसरी फळी. तिसरी सकाळ, तिसरी. दर फळीगणिक उघडी बाजू अरुंद होत गेली, आणि कॅमेरा जो आधी ऐसपैस आत बघायचा तो आता फटीतून बघायला लागला. बाई रात्रभर दार लावून बसते, दाराला खुर्ची लावते, तरी सकाळी फळी हजर. सहाव्या फळीला सुगंधाने डोळ्यांवर पदर घेतला. सातव्या फळीला धनंजय पाय वर घेऊन बसला. आठव्या फळीला एकनाथच्या पाठीवरून घामाची एक धार एसीला न जुमानता खाली उतरली. कारण आख्ख्या हॉलमध्ये त्या फळ्या कोण लावत होतं हे माहीत असलेला तो एकटाच माणूस होता.

नवव्या सकाळी होडी पूर्ण झाली. बाई आत होती. कॅमेरा बाहेर. आतून फळ्यांवर मुठी आपटल्याचा आवाज यायला लागला, धप्प, धप्प.

"वरून उघडी आहे की!" एकनाथ मोठ्याने म्हणाला. त्याला राहवलंच नाही. "वर चढ ना बाई!"

प्रियांकाने त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की तो अर्धा उठला. दोघं-तिघं फिसकन हसले. मागे भिंतीशी ती उंच बाई पहिल्यांदा वळली.

शेवटी कॅमेरा वरून हळूहळू होडीत उतरला. बाई कोपऱ्यात मुटकुळं करून बसली होती आणि समोर बघत होती. समोर नवव्या फळीच्या आतल्या अंगाला एक लाल डाग होता. ओल्यासारखा चमकणारा. एका बाजूने तिरका. त्यावर पांढरे, बारीक, चिकटलेले कण. बाई त्या डागाकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा असा काही झाला की सादिया पुढच्या खुर्चीत "या अल्ला" म्हणाली. पडदा काळा. दिवे.

टाळ्या उशिराच पडल्या.

मागची ती उंच बाई, आनेट, पुढे आली. इंग्रजीत बोलायला लागली, आणि प्रियांका बापाच्या कानात मराठी करत गेली.

"म्हणतात, लोक मला एकच विचारतात, फळ्या कोण लावतं? सिनेमात बाप लावतो, की बाई स्वतः झोपेत लावते? यावर लोकांनी खूप काही लिहिलंय. त्या लाल डागावर आणि अळ्यांवर तर कोणीतरी अख्खा निबंध लिहिलाय. पण खरं असं, की गोष्टीत फळ्या नव्हत्याच. होडी अर्धीच राहणार होती. पहिल्या सकाळी मी आत गेले आणि फळी दिसली. मी जे ओरडले ते खरं ओरडले. तो अभिनय नाही."

प्रियांका बापाच्या आणखी जवळ सरकली.

"म्हणतात, सिनेमा माझ्या धाकट्या भावाने काढला, यूर्गनने. मला वाटलं, मला खरंखुरं घाबरवावं म्हणून त्याने हे केलं. मला न सांगता. मी त्याला विचारलं, तो म्हणाला मी नाही. मी मानलं नाही. त्याला वाटलं मीच करवते आहे, त्याच्या कॅमेऱ्याला बाहेर काढायला. मी म्हटलं मी नाही. त्याने मानलं नाही. नऊ दिवस आम्ही एकमेकांवर डाव टाकल्यासारखे काम करत राहिलो. सिनेमा झाला. पण त्या लाल डागानंतर..." प्रियांका थांबली. "म्हणतात, त्यानंतर तेरा वर्षं मी भावाशी बोललेले नाही. त्यानेही दुसरा सिनेमा काढला नाही. मी इथे आले ते ते घर बघायला. तिथे आता कॉफी शॉप आहे."

एकनाथ आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. दोन माणसं खरं सांगत होती आणि दोघांचंही कोणी मानलं नव्हतं. ते कसं लागतं हे या हॉलमध्ये त्याच्याइतकं कोणाला कळणार होतं? आणि आता त्याने खरं सांगितलं तर तेही कोणी मानणार नव्हतं. आयुष्यभर ज्या तोंडाने कासविणी सांगितल्या तेच तोंड होतं ना!

तो उठला.

"अहो, कुठे निघालात?" सुगंधा म्हणाली. "बाथरूम तिकडे आहे."

"धनंजयराव," एकनाथ म्हणाला, "चला माझ्याबरोबर. तुमचं इंग्लिश चांगलं आहे. बाईंना सांगा, फळ्या मी लावल्या."

धनंजय उठला, कारण जावयाला सासऱ्याच्या शब्दाबाहेर जाता येत नाही. पण पुढे जाऊन त्याने जे सांगितलं ते बरंच लांबलचक झालं, आणि त्यात हसू होतं, आणि मधूनच "स्टोरी" असा शब्द आला. एकनाथला इंग्रजी येत नसलं तरी तो शब्द येत होता. तीस वर्षं तो त्याच्या पाठीला चिकटलेला होता. आनेटही सभ्यपणे हसली.

"धनंजयराव, मी बोललो तेवढंच सांगा. वरून फोडणी देऊ नका."

"बाबा, अहो, तिला वाईट वाटू नये म्हणून मी..."

"तिला वाईट वाटून तेरा वर्षं झाली. आता सांगा. होडीची एक बाजू भरून दुसरी उघडी ठेवायची नसते. लाकूड सुकतं, आणि सगळी होडी भरल्या बाजूला ओढली जाते. कणा वाकतो. मग ती आयुष्यभर पाण्यात एका अंगावर चालते. माझा बाप सांगायचा, डावीला दिलंस ते उजवीला त्याच दिवशी दे. पंगतीत एका रांगेला वाढून दुसरीला कोणी उपाशी ठेवतं काय? फळ्या मी जोडीनेच कापल्या होत्या. नऊ लावल्या, नऊ घरामागे पडून होत्या. अर्बाब मला म्हणाला, एकनाथ, खलास, उजवीला हात लावायचा नाही, कॅमेरा तिथून बघणार. मी बरं म्हटलं. पण मला झोप येईना. माझी होडी वाकडी होत होती ओ! घराची चावी माझ्याकडे होती. हे लोक नऊला यायचे. मी सहाला जायचो, एक फळी मारायचो, एकच, म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही."

"डोळ्यांवर येणार नाही!" धनंजय पुटपुटला, पण आता सगळं भाषांतर करत गेला. हसू कमी झालं होतं.

"आणि पहिल्या दिवशी बाई ओरडल्या. मी खिडकीमागे चहा पीत होतो. मला वाटलं..." एकनाथ अडखळला. हे सांगणं सर्वांत जड होतं. "मला वाटलं काम आवडलं. आजवर कामाला इतकी मोठी दाद कोणी दिली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी फळी आणखी जीव लावून मारली."

आनेटचं हसू गेलं होतं. तिने एकच प्रश्न विचारला. धनंजयने तो मराठीत आणला तेव्हा त्याचाही आवाज बदलला होता.

"विचारतायत, हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं? यूर्गनने सांगितलं का? खरं सांगा म्हणतायत."

"कोणी नाही."

"म्हणतायत, हे कशावरून मानू?"

कशावरून? तीस माणसं त्याच्याकडे बघत होती. काय सांगणार? कासविणीची शपथ घेणार?

"तो डाग परत दाखवा," मागून कोणीतरी म्हणालं.

सुगंधा होती. ती उभी राहिली होती आणि पदर कानावरून खाली आला होता.

"आई, काय करतेस?" प्रियांका म्हणाली.

"त्या सादियाला सांग, शेवटचं ते चित्र परत लाव म्हणावं. डागाचं."

सादियाने लावलं. पडद्यावर तो लाल डाग पुन्हा आला, हातभर मोठा, एका बाजूने तिरका. सुगंधा खुर्च्यांच्या मधून पुढे आली, पर्समधून पितळेची चपटी डबी काढली आणि झाकण उघडलं. एकनाथचा हात तिने असा धरला, जसा हळदीकुंकवाला शेजारणीचा धरतात, घट्ट आणि हक्काने.

"तुमच्या बापाची सवय," ती नवऱ्याला म्हणाली. "शेवटची फळी बसली की आतून कुंकू लावायचं. घरातल्या हत्यारांना, तांदळाच्या कणगीला, दसऱ्याला माझ्या चुलीलासुद्धा तुम्ही असंच लावता. तिथे लावलं होतंत का?"

"न लावून कसं चालेल?" एकनाथ म्हणाला. "होडी पुरी झाली होती ना गो!"

"मग लावा."

एकनाथने अंगठा टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बुडवून कुंकवात टेकवला आणि समोरच्या लाकडी खुर्चीच्या पाठीवर खालून वर ओढला. सुगंधाने डबीच्या कडेला पुरचुंडीत ठेवलेल्या अक्षता त्यावर चिकटवल्या.

मग काही बोलायची गरज उरली नाही. खुर्चीवर एक लाल डाग होता आणि पडद्यावर एक. दोन्ही एकाच बाजूने तिरके. दोन्हींचं वरचं टोक उडालेलं. एकनाथने अंगठा वर केला, आणि तीस माणसांनी आळीपाळीने अंगठा, खुर्ची आणि पडदा बघितला.

"अळ्या नाहीत त्या," सुगंधा आनेटला मराठीतच म्हणाली. "तांदूळ आहे तो. तांदूळ. शुभ असतो."

धनंजयने भाषांतर केलं. त्यात त्याने एक शब्दही जादा घातला नाही. "त्या म्हणतात, तो रक्ताचा डाग नव्हता. ते आशीर्वाद द्यायचं चिन्ह होतं. तुम्ही ज्या होडीत बसणार होता तिला."

आनेट वाकली. तिने खुर्चीवरच्या कुंकवाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, आणि ती शेजारच्या खुर्चीत बसली. यूर्गनला कुंकू ठाऊक असणं शक्य नव्हतं. आणि असला अंगठा मुद्दाम कुठून शोधून आणणं तर मुळीच शक्य नव्हतं.

"विचारतायत," धनंजय हळू म्हणाला, "त्या वेळी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाही. आणि अर्बाबाने हात लावू नको म्हटलं होतं." एकनाथने मान खाली घातली. "त्यांना सांगा, चूक झाली. माफी मागतो. पण होडी सरळ राहिली."

आनेट हसायला लागली. मोठ्याने, डोळे पुसत, मध्येच हुंदका देत. मग तिने पर्समधून फोन काढला, त्यातलं एक नाव शोधायला तिला बराच वेळ लागला, आणि नाव सापडल्यावर बोट टेकवायला त्याहून जास्त. फोन वाजत राहिला. मग फोनच्या पडद्यावर एक टकला, दाढीवाला माणूस आला. मागे स्वयंपाकघर, हातात चमचा. आनेट जर्मनमध्ये बोलायला लागली, भराभर, आणि मध्येच एकनाथला जवळ ओढून म्हणाली ते कोणी न सांगताच त्याला कळलं. त्याने अंगठा फोनसमोर धरला.

तो माणूस बघत राहिला. चमचा खाली ठेवला. डोळ्यांवर हात ठेवला, आणि मग त्याने काहीतरी विचारलं, एवढंसंच. आनेटने ते इंग्रजी केलं आणि धनंजयने मराठी.

"तो विचारतोय, होडी तरंगते का?"

"तरंगते म्हणजे?" एकनाथ म्हणाला. "मी सूर सोडलं त्या दिवशीही तिच्यातून सुरमई उतरली. आणि चालते कशी, सरळ! इकडे नाही की तिकडे नाही."

हॉलबाहेर पडेपर्यंत सहा वाजले. आनेट आणि तिचा भाऊ अजून फोनवरच होते. सादियाने खुर्ची पुसू दिली नव्हती. गाडीत धनंजयने एसी लावला, आरसा नीट केला, आणि तो अझैबाच्या सर्व्हिस रोडला लागला. प्रियांका पुढे. मागे एकनाथ आणि सुगंधा. एकनाथ उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसला होता. अंगठा अजून लाल होता.

"तुम्हाला कळलं कसं?" त्याने बायकोला हळूच विचारलं. "तुम्ही तर कधी मानलं नाहीत."

एरवी तो तिला अगो-तगो करायचा. आज कसं कोण जाणे, अहोजाहोच आलं.

"गोष्ट कुठे मानली मी? अंगठा मानला," सुगंधा म्हणाली. मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "दिवाणखान्यात होडी. बाई बाई."

घुब्राचा सिग्नल आला, लाल. धनंजय स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. मग तो पूर्ण मागे वळला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण सासऱ्याला खऱ्याखुऱ्या उत्सुकतेने त्याने कधी काही विचारलं नव्हतं.

"बाबा, पण मला एक सांगा. अठरा फुटी होडी, आणि त्या घराचं दार एवढंसं. पिक्चर संपल्यावर होडी बाहेर काढलीत कशी?"

एकनाथने त्याच्याकडे बघितलं. मग प्रियांकाकडे. तीही वळून बसली होती. कोणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, कोणाच्या डोळ्यांत मीठ शोधायची घाई नव्हती. आता सांगावं ते पटणार होतं. खिडकी काढली होती, चौकटीसकट, आणि आठ माणसांनी तिरकी करून होडी ओढली होती. दीड तास लागला होता. एवढंच.

सुगंधाने त्याच्या कोपराला कोपर टेकवलं. "खरं सांगा हां."

"खरंच सांगतोय," एकनाथ म्हणाला आणि त्याने घसा साफ केला. "त्याचं काय झालं धनंजयराव, त्या दिवशी पौर्णिमेची भरती होती. पाणी वाढत वाढत पायरीला लागलं. मी दाराशी उभा, विचार करतोय, आता काय करू? एवढ्यात पाण्यातून वर कोण आलं असेल?"

"कोण?"

"तीच. अंगठावाली कासवीण."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, एकाने, मग चौघांनी. धनंजय हललाच नाही.

"मग?" तो म्हणाला.